ती खाते, तो कच खातो

मी एक जुनी मोटर आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, तुमच्यावरही नाही. तुम्ही माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकाल की अर्ध्यावर सोडून खेळायला पळाल, कुणास ठाऊक! तरीही सांगते, कारण हे सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ठोकळ्यावर ठोकळा बसवून घरं, गाड्या, पूल बांधायचा खेळ तुम्ही पाहिला असेल. तसल्याच एका संचातली मी. काडेपेटीहून थोडी मोठी, राखाडी रंगाची, पोटात तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि पुढे एक दांडा. वीज मिळाली की दांडा गरगर फिरतो. माझं सारं शिक्षण एवढंच. कारखान्यात एक बाई प्रत्येक मोटरला दोन तारा लावायची आणि तिला कानाशी धरून ऐकायची. मला ऐकून तिने मान डोलावली आणि खोक्यात ठेवलं. माझ्या शेजारणीला ऐकून तिने नाक मुरडलं आणि तिला बाजूच्या टोपलीत टाकलं. शेजारणीचं काय चुकलं, ते कोणी सांगितलं नाही. तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल जी चुकचुकली, ती अजून गप्प बसलेली नाही.

माझं खोकं उघडलं ते एका मुलाने. तो पुढे मोठा होऊन एका मुलीचा बाबा झाला, म्हणून मीही त्याला बाबाच म्हणते. संचात माझ्याबरोबर बॅटरीचा एक डबा होता. डब्यावर खटका होता. खटका पुढे ढकलला की मी सुलट फिरायची, मागे ओढला की उलट, आणि मधे ठेवला की विश्रांती. डब्यात सेल भरलेले असले की मला लागेल तेवढा करंट मिळायचा. 'एवढा कशाला घेतलास?' असं विचारणारं मधे कोणी नव्हतं. मोटरने करंट घेतला की माणसं म्हणतात, मोटर करंट खाते. मित्रांनो, हा 'खाते' शब्द तेवढा ध्यानात ठेवा. पुढे सगळा घोळ त्यानेच घातला आहे.

बाबाने माझ्याकडून काय काय करून घेतलं! उशीवर चढणारी गाडी केली, पंखा केला, दोरीने वरखाली होणारी लिफ्ट केली. त्याची आई आतून ओरडायची, "किती घरघर ती! दुपारी तरी झोपू दे तुझ्या लाडकीला." लाडकी म्हणजे मी. मित्र घरी आले की बाबा मला हाताच्या ओंजळीत धरून दाखवायचा, पण कोणाच्या हातात द्यायचा नाही. "लांबून बघायचं," असं तो बजावायचा. मला त्याचा तो संशयी स्वभाव फार आवडायचा.

मग तो मोठा झाला आणि मी पत्र्याच्या डब्यात गेले. गरज सरो, वैद्य मरो. वर्षानुवर्षं मी अंधारात पडून होते आणि आता आपलं काही खरं नाही, अशी माझी खात्री होत चालली होती. एके दिवशी झाकण उघडलं. वर बाबाचाच चेहरा होता, फक्त त्याला मिश्या आल्या होत्या. त्याच्या खांद्यावरून एक गोबऱ्या गालांची मुलगी डोकावत होती. तिला घरात सगळे गोटी म्हणत. त्या दोघांनी मिळून क्रेन बांधायला घेतली आणि मला तिच्या पोटात बसवलं. गोटी लहान होती, पण ठोकळा चुकीचा बसला तर ओठ चावत पुन्हा काढायची. क्रेनचा हात तयार झाला, दोरी ओवून झाली, आकडा तेवढा राहिला.

तो राहिलाच. बाबा आजारी पडला, दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. मला खूप वाईट वाटलं, मित्रांनो. मोटरला रडता येत नाही, पण वाईट वाटतं. गोटीच्या आईने सेल गळू नयेत म्हणून डब्यातून काढून ठेवले आणि क्रेन तशीच खिडकीजवळच्या टेबलावर राहिली. त्या टेबलाच्या एका टोकाला तिचं शिलाईचं मशीन असे. ती लोकांच्या घरांचे पडदे शिवते. रोज धूळ पुसताना ती क्रेनच्या भोवतीने फडकं फिरवायची, पण क्रेनला हात लावत नसे. खटका मधेच होता.

आता काका, म्हणजे गोटी ज्याला काका म्हणते तो. हा माणूस चष्म्याच्या दुकानात कामाला होता. भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायची, हे त्याचं काम. डोळे तपासायच्या खोलीला काळा पडदा हवा म्हणून तो गोटीच्या आईकडे आला. पडदा एकच, पण माप सांगायला तो पुन्हा पुन्हा यायचा. कधी म्हणे खिडकी मोजायची राहिली, कधी म्हणे दांडी बदलली. मी टेबलावरून सगळं पाहत होते. कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला केव्हाच कळलं होतं. पुढे त्या दोघांनी लग्न केलं आणि काका एक बॅग, एक उशी आणि छोट्या पेचकसांची एक पेटी घेऊन राहायला आला.

गोटी त्याच्याशी वाईट वागली नाही. विचारलं तेवढं बोलायची, बोलावलं की यायची. पण तिची नजर त्याच्यावर असायची. बाबाची आरामखुर्ची गॅलरीत गेली, ते तिने पाहिलं. बाबाचे कोट माळ्यावर गेले, तेही पाहिलं. खरं म्हणजे कपाटात काकाच्या शर्टांना जागा हवी होती, एवढंच. पण संशयाच्या चष्म्याला नंबर लागत नाही. आणि मला विचाराल तर मीही गोटीच्याच बाजूची. उद्या माझीही पाळी येणार, असं मी धरूनच चालले होते.

आणि एका संध्याकाळी काका एक पुडकं घेऊन आला.

"अगं, बघ तरी काय आणलंय," तो गोटीला म्हणाला. "ही क्रेन आपण रिमोटवर चालवू. तू पलंगावर बसून बटण दाबायचं, ओझं वर!"

"बाबाची मोटर आहे ती," गोटी म्हणाली.

"हो, तीच लावायची. दुसरी कशाला? चालेल ना तुला?"

"बघा," गोटी म्हणाली. त्या 'बघा'चा अर्थ 'बघूच' असा होता.

पुडक्यातून रिसीव्हर निघाला. कानामागून आला आणि तिखट झाला, असा हा गृहस्थ. गुळगुळीत, चौकोनी, डोक्यावर काळा डोळा. रिमोटमधून न दिसणारा उजेड निघतो, तो या डोळ्याने पाहायचा आणि मग मोटरला वीज सोडायची, असं त्याचं काम. म्हणजे इतकी वर्षं मी डब्यातून थेट जेवत होते, आता मधे हा वाढपी. त्याचा सेलचा डबाही नवाच, त्याच्यासोबतच आलेला. शिवाय माझ्या तारेचं टोक जुन्या पद्धतीचं आणि त्याची भोकं नव्या पद्धतीची. आमचं जमेना, म्हणून काकाने एका टोकाला जुनी आणि एका टोकाला नवी, अशी एक जोडतार आणली होती. दोन्हीकडच्यांशी गोड बोलणाऱ्या मध्यस्थावर मी तरी विश्वास ठेवत नाही. पण मला विचारतं कोण?

काकाने बटण दाबलं. रिसीव्हरचा हिरवा दिवा लुकलुकला आणि मी फिरले. मित्रांनो, इतक्या दिवसांनी फिरले! गोटीने नकळत टाळी वाजवली आणि लगेच हात खाली घेतला. मग काकाने दोरीला कात्री बांधली. मी जोर लावला, कात्री टेबलावरून जेमतेम उठली आणि माझी वीज गेली. कात्री खाली पडली. रिसीव्हरचा दिवा मात्र हिरवाच. चेहरा असा साळसूद, की जणू त्याने काही केलंच नाही. काकाने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. रिकामी असले की तो मला फिरू द्यायचा, ओझं आलं की हात आखडता घ्यायचा. हा मुद्दाम करतोय, यात मला तिळमात्र शंका उरली नाही.

"तुम्ही काय केलंत तिला?" गोटीने विचारलं.

"मी? मी काही नाही केलं गं. नुसती जोडली."

गोटीने खणातून सेल आणले, बाबाच्या डब्यात भरले, मला त्याला जोडलं आणि खटका ढकलला. मी कात्री थेट टोकापर्यंत उचलली. गोटीने काकाकडे पाहिलं. त्या नजरेने काकाचे कान लाल झाले. ती आत गेल्यावरही तो बराच वेळ टेबलाशी बसून होता.

त्यानंतर रोज कामावरून आला की तो मला घेऊन बसायचा. तारा तपासल्या, सेल बदलले, खिडकीतलं ऊन त्या काळ्या डोळ्यावर येतं म्हणून टेबल फिरवलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी दुकानाशेजारच्या घड्याळजीकडून त्याने करंट मोजायचा मीटर मागून आणला आणि त्या दुपारी त्याला एकदाचं कोडं उलगडलं. गोटीची आई जमिनीवर पडदा पसरून दुमड घालत होती. तिच्या तोंडात टाचण्या होत्या. काकाने मला क्रेनमधून काढून तळहातावर घेतलं होतं.

"सापडलं!" तो म्हणाला. "हा रिसीव्हर वाईट नाही गं. याला थोडाच करंट देता येतो. कोणी जास्त ओढायला लागलं की हा कच खातो आणि आपलं दुकान बंद करतो. जळू नये म्हणून तशी सोयच केलेली आहे त्याच्यात."

त्याच वेळी बाहेरचं दार किलकिलं झालं. गोटी शाळेतून आली होती आणि उंबऱ्याबाहेर बूट काढत होती. फटीतून मला तिचा एक पांढरा मोजा दिसत होता.

"आणि ती?" आईने टाचण्यांमधून विचारलं.

"ती आधीची आहे ना," काका म्हणाला, "ती खाते फार. एवढं नाही झेपायचं. एकत्र ठेवून काही जमणार नाही. तिची चूल वेगळीच मांडायला लागेल."

"मग ठेव वेगळी," आई म्हणाली.

दारातला मोजा हलला आणि दिसेनासा झाला.

आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "पण जपून रे बाबा. तिच्या बाबाची मोटर आहे. मोडलीस तर पोर जन्मात माफ करणार नाही." काका म्हणाला, "म्हणून तर आधी मीटर मागून आणला." पण हे ऐकायला दाराशी कोणी नव्हतं. मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं असेल! गोटीने काय ऐकलं आणि काय धरलं, ते मला लख्ख कळलं होतं. आपल्या भाषेत मोटरही ती आणि मुलगीही ती. मोटरही खाते आणि मुलगीही खाते. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला ओरडायलासुद्धा करंट लागतो, आणि काकाने तार काढून ठेवली होती.

त्या रात्रीच्या जेवणापासून गोटीने कमी जेवायला सुरुवात केली. टेबलापलीकडे ते तिघं जेवायला बसत, तेव्हा मला सगळं दिसायचं. "बास," ती म्हणायची. "भूक नाही." आईने कपाळाला हात लावून पाहिला, शाळेत काही खाल्लंस का म्हणून विचारलं. काकाने एकदा न विचारता तिच्या ताटात भात वाढला आणि म्हणाला, "घे गं, वाढतं वय आहे." गोटीने त्या भाताकडे असं पाहिलं, जणू त्यात काहीतरी लपवलंय. हा मोजतोय, असं तिला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी काकाने घाबरून काहीच वाढलं नाही, तर तिला वाटलं, बघा, आता वाढायचंही बंद केलं. वाढलं तरी संशय, नाही वाढलं तरी संशय. बिचारा काका इकडे आड तिकडे विहीर अशा कात्रीत सापडला होता, आणि तो कशात सापडलाय हे त्यालाच माहीत नव्हतं.

गोबरे गाल उतरायला लागले. आई काकाला म्हणाली, "तू तिला काही बोललास का?" काका म्हणाला, "मी? मी तर बोलायलाच घाबरतो तिच्याशी." पण आईच्या कपाळावरची आठी गेली नाही. म्हणजे आता गोटीचा काकावर संशय, आईचाही काकावर संशय, काकाला वाटायचं गोटीला आपण या घरात नकोच आहोत, आणि माझा रिसीव्हरवर संशय तर होताच. एवढ्याशा घरात इतका संशय मावला कसा, याचं मला नवल वाटतं.

एका दुपारी घरात कोणी नसताना गोटीने फोन फिरवला. पलीकडे तिची आत्या होती, बाबाची थोरली बहीण. ती मोठ्या दवाखान्यात नर्स आहे.

"आत्या, तुझ्याकडे एक माणूस जास्तीचा मावेल का गं?" गोटीने विचारलं. "नाही, मोठा नाही. फार नाही खाणार तो." पलीकडून आत्या काहीतरी विचारत होती. "कोणी नाही, असंच विचारलं," ती म्हणाली. आणि मग ती हमसून हमसून रडायला लागली आणि दारातून ऐकलेलं सगळं तिने आत्याला सांगितलं. सांगताना 'आधीची' हा शब्द ती दोनदा म्हणाली.

रविवारी सकाळी आत्या आली ती रिकामी पिशवी घेऊनच. गोटीची आई कुणाचे पडदे पोचवायला गेली होती. काका टेबलाशी बसून मला फडक्याने पुसत होता. गोटी पलंगाच्या कडेवर बसली होती आणि आत्याला पाहताच उठून तिच्या पदराशी जाऊन उभी राहिली. काकाने पाणी आणून दिलं. आत्याने पेल्याला हात लावला नाही.

"मला सरळ उत्तर द्या," ती म्हणाली. "ती फार खाते, असं म्हणालात तुम्ही?"

काकाचा चेहरा उजळला. गोटीने आपल्या आत्याला मोटरची गोष्ट सांगितली, म्हणजे पोरीला त्यात रस आहे, याचाच त्याला आनंद झाला. "हो, म्हणालो ना!" तो म्हणाला. "हिने सांगितलं वाटतं? खातेच हो ती. मी मोजून बघितलं."

"मोजून?"

"आधी मलाही खरं वाटेना. एवढीशी तर दिसते. आणि रिकामी असली की काही फार नाही. पण ओझं उचलायला लावलं, की मग बघा."

"ओझं उचलायला लावता तिला?" आत्याचा आवाज चढला.

"लावायलाच लागतं. नाहीतर कळणार कसं, किती दम आहे ते? थोड्या वेळाने तापते मात्र. हात लावून बघायचं, तापली की थांबायचं."

आत्याने झटकन गोटीच्या गळ्याला हात लावून पाहिलं. मी फडक्यात पडल्या पडल्या धन्याची अशी शोभा बघत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. अरे माणसा, एकदा तरी 'मोटर' हा शब्द उच्चार, एवढंच माझं मागणं होतं. पण त्याला वाटत होतं, सगळे मोटरबद्दलच तर बोलतायत!

"आणि तिला वेगळं ठेवायचं ठरलंय," आत्या म्हणाली.

"ठरलंय म्हणजे काय, सगळं सामानही आणून ठेवलंय. हिच्या आईलाही पटलं."

"मग ऐका. माझ्या भावाची पोर मला जड नाही. तुम्हाला तिच्या दोन घासांचा भार होत असेल, तर मी आत्ता घेऊन जाते तिला. गोटी, कपडे भर."

गोटी हलली नाही. पिशवीकडे बघत राहिली. तिला जायचं नव्हतं, मित्रांनो. तिला फक्त कोणीतरी 'जाऊ नकोस' म्हणायला हवं होतं, आणि जो म्हणणार तो तोंड उघडं टाकून बघत बसला होता.

दारात गोटीची आई उभी होती. ती नुकतीच पोचली होती आणि तिने शेवटचं तेवढं ऐकलं होतं. "ताई, कुणाला नेताय? कुठे?" तिने विचारलं.

"तुमच्या घरात जी फार खाते तिला!"

आईने आत्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, गोटीच्या उतरलेल्या गालांकडे पाहिलं. मग काकाच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं, आणि फडक्यातून मी डोकावत होते.

"अगं बाई, मोटर!" ती ओरडली. "मोटर खाते, मोटर! करंट खाते ती!"

आत्या मटकन खुर्चीत बसली. काकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. त्याला एकेक वाक्य आठवत गेलं असणार, कारण त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"तुम्ही 'आधीची' म्हणालात," गोटी म्हणाली.

"आधीची मोटर गं. नवीन संचातली नव्हे ती."

"चूल वेगळी मांडायची म्हणालात."

काका उठला. त्याने खणातून बाबाचा बॅटरीचा डबा काढला. तो त्याने घासूनपुसून चकचकीत केला होता. "ही चूल," तो म्हणाला. "हिला हिच्या डब्यातूनच खाऊ द्यायचं, पोटभर. रिसीव्हरला एक छोटी नवी मोटर लावायची, ती त्याला झेपते. तिने फक्त हा खटका ढकलायचा. मोठी आपली तिच्या डब्यावर चालेल. काही फेकायचं नाही, काही बदलायचं नाही." एवढं बोलून त्याला दम लागला. "त्या दिवसापासून तू जेवत नाहीस, ते यासाठी?"

"थोडं थोडं जेवते," गोटी म्हणाली. आणि मग अगदी हळू म्हणाली, "मी पण खूप खाते. खरंच खाते. आईला विचारा."

"अगं, मग खा ना!" काका ओरडला. या घरात आल्यापासून तो इतक्या मोठ्याने कधी बोलला नव्हता. "खा! कोणी सांगितलं तुला कमी खायला? मी दोन दुकानांत कामं करीन, पण तू पोटभर खा!" आणि तो तसाच उभा राहून लहान मुलासारखा रडायला लागला.

गोटी घाबरली. मग तीही रडायला लागली, आणि तिच्या आईलाही राहवलं नाही. आत्या तेवढी उठली. दवाखान्यातल्या बाईला रडणाऱ्या माणसांचं काय करायचं ते माहीत असतं. ती आत गेली आणि एक भरलेलं ताट घेऊन आली. काकाच्या समोर उभी राहून म्हणाली, "माझं चुकलं. पण तुम्हीसुद्धा 'मोटर' म्हणायला काय घेता हो!" गोटी जमिनीवर बसली आणि जेवायला लागली. दुसऱ्यांदा भात घेताना तिने काकाकडे पाहिलं. त्याने मान दुसरीकडे वळवली, म्हणजे तिला आपण मोजतोय असं वाटायला नको. मग तिसऱ्यांदा तिने पाहिलंच नाही.

क्रेन पुरी झाली. आकडा गोटीने बसवला. आता ती पलंगावर बसून रिमोट दाबते, रिसीव्हर त्याच्या छोट्या मोटरला हुकूम देतो, ती खटका ढकलते आणि मी माझ्या डब्यातून जेवून ओझं उचलते. रिसीव्हर आणि मी एकाच क्रेनमध्ये राहतो. त्याने मला त्या दिवसांत मुद्दाम छळलं नव्हतं, हे मला मान्य आहे. मला भूक जास्त होती आणि त्याला जळायची भीती जास्त होती, एवढंच. दोष कोणाचाच नव्हता. तरी त्याचा तो हिरवा दिवा अजून मला साळसूदच वाटतो. स्वभावाला औषध नाही.

मित्रांनो, जुनी मोटर नव्या रिसीव्हरला जोडायच्या आधी तिला किती लागतं आणि त्याला किती झेपतं, ते पाहा, म्हणजे आमच्यासारख्यांना उगाच कोणी टोपलीत टाकणार नाही. आणि तुमच्या घरात कोणी अचानक 'भूक नाही' म्हणायला लागलं, तर त्याच्या कपाळाला हात लावून थांबू नका. त्याने दाराआडून काय ऐकलं, ते विचारा.